देशाचे गृहमंत्री होण्याआधी सरदार पटेलांनी अहमदाबादच्या गटारी सांभाळल्या होत्या

सरदार पटेल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? साडेपाचशेहून अधिक संस्थानांचं विलीनीकरण, हैदराबाद, बार्डोलीचा सत्याग्रह आणि आता नर्मदेच्या काठावरचा १८२ मीटर उंच पुतळा. शाळेच्या पुस्तकातही साधारण एवढंच असतं.

पण या माणसाच्या आयुष्यातली सुमारे अकरा वर्षं एका वेगळ्याच कामाशी जोडलेली होती. नळाला पाणी का येत नाही, मैला कुठे जातो, घरपट्टी कोणी थकवली आणि पावसाचं पाणी कुठल्या गल्लीत तुंबतं, हे बघण्याचं काम. १९१७ मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेत नगरसेवक म्हणून गेले आणि १९२८ मध्ये अध्यक्षपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले.

शहर कसं वाढतं आणि वाढताना ते राहण्यासारखं कसं ठेवायचं, हा प्रश्न आज पुणे, नाशिक, नागपूरपासून सगळीकडे आहे. तोच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी साबरमतीच्या काठावर वल्लभभाईंच्या पुढ्यात होता. त्यांनी काय केलं, काय जमलं आणि काय राहून गेलं, तेच आज समजून घेऊया.

आधी शहर समजून घेऊ

अहमदाबाद वसलं १४११ मध्ये. सुलतान अहमदशाहने साबरमतीच्या पूर्व काठावर हे शहर वसवलं. शहराला तटबंदी होती, दरवाजे होते आणि आत होत्या पोळ. पोळ म्हणजे एका जातीच्या किंवा व्यवसायाच्या लोकांची चिंचोळी आळी. तोंडाला एक दरवाजा आणि आत एकमेकांना चिकटलेली लाकडी घरं. संरक्षणासाठी ही रचना उत्तम होती, पण हवा, उजेड आणि सांडपाणी यांचे हाल होते.

नदीचाही एक स्वभाव होता. अहमदाबाद कर्कवृत्तापासून अर्ध्या अंशाच्या आत आहे. उन्हाळा कडक आणि पाऊस मोजून चार महिने. साबरमती वर्षातले बरेच महिने वाळूचं रुंद पात्र असायची. पावसाळ्यात मात्र तीच नदी घरात शिरायची. म्हणजे आठ महिने पाणी पुरत नाही आणि कधीतरी एका आठवड्यात ते आवरत नाही, अशी परिस्थिती.

त्यात आल्या गिरण्या. १८६१ मध्ये रणछोडलाल छोटालाल यांनी शहरातली पहिली कापड गिरणी सुरू केली. हेच रणछोडलाल पुढे नगरपालिकेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. त्यांच्या पुढाकारामुळे १८९१ मध्ये नदीपात्रातल्या विहिरींचं पाणी नळाने शहरात आलं आणि जमिनीखालच्या गटारींचं काम सुरू झालं. तेव्हा लोकांनी त्यांना विरोध केला होता, कारण नळ आणि गटार म्हणजे नवीन कर.

१९०१ मध्ये शहराची लोकसंख्या १ लाख ८६ हजारांच्या आसपास होती. १९३१ मध्ये ती ३ लाखांच्या वर गेली. गिरण्यांचा आकडा पन्नासच्या घरात पोहोचला. माणसं येत होती, पण त्यांच्यासाठी पाणी, गटार, रस्ते आणि घरं त्या वेगाने होत नव्हती.

नेमक्या याच काळात वल्लभभाई अहमदाबादला आले.

गोध्रा, बोरसद, लंडन आणि पत्त्यांचा डाव

वल्लभभाईंचा जन्म नडियादचा, कागदोपत्री तारीख ३१ ऑक्टोबर १८७५. गाव करमसद, वडील झवेरभाई शेतकरी. मॅट्रिक व्हायला वल्लभभाईंना २२ वर्षं लागली. मग वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी आधी गोध्रा आणि नंतर बोरसदला वकिली केली.

गोध्र्यातली एक गोष्ट त्यांच्या चरित्रांमध्ये हमखास येते. तिथे प्लेग आला होता. आजारी मित्राची शुश्रूषा करताना वल्लभभाईंनाच लागण झाली. त्यांनी बायकोला दूर पाठवलं आणि स्वतः एकांतात राहून बरे झाले. प्लेग घरात शिरला की काय होतं, हे त्यांनी अंगावर काढलं होतं. पुढची गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवा.

१९१० मध्ये ते बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले आणि १९१३ मध्ये परत येऊन त्यांनी अहमदाबादमध्ये वकिली थाटली. फौजदारी खटल्यांमध्ये त्यांचा दबदबा होता. सुटाबुटात राहायचे आणि संध्याकाळी गुजरात क्लबमध्ये ब्रिज खेळायचे. १९१५ मध्ये गांधी अहमदाबादला आले, तेव्हा सुरुवातीला वल्लभभाईंनी त्यांना फारसं मनावर घेतलं नव्हतं.

म्हणजे सार्वजनिक जीवनात पडायची त्यांना काही घाई नव्हती. पण शहरातल्या मित्रांनी नगरपालिकेत यायचा आग्रह धरला आणि १९१७ च्या जानेवारीत ते दरियापूरमधून निवडून आले.

पहिलं खातं मिळालं स्वच्छतेचं

तेव्हाची नगरपालिका आजच्यासारखी नव्हती. मतदानाचा हक्क मालमत्ता आणि कर भरणाऱ्यांपुरता मर्यादित होता. वर सरकारने नेमलेला इंग्रज आयुक्त बसलेला होता आणि नगरसेवकांना न जुमानता कारभार हाकत होता.

वल्लभभाईंनी पहिल्याच वर्षी या आयुक्ताशी पंगा घेतला. आयुक्ताचं नाव शिलिडी. भाषणबाजी करण्याऐवजी वल्लभभाईंनी फायली वाचल्या, नियम कुठे मोडलेत ते दाखवलं आणि सभागृहात ठराव आणला. अखेर शिलिडी यांची अहमदाबादहून बदली झाली. एक नवखा नगरसेवक नियमांवर बोट ठेवून साहेबाला हलवू शकतो, हे शहराने पाहिलं.

त्याच वर्षी वल्लभभाई स्वच्छता समितीचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी शहरात प्लेग पसरला.

शाळा बंद पडल्या, कोर्टाला सुट्टी मिळाली, ज्यांना शक्य होतं ते गावाकडे निघून गेले. गांधींनीही याच साथीमुळे आपला आश्रम कोचरबहून साबरमतीच्या काठावरच्या मोकळ्या जागेत हलवला. आज आपण जो साबरमती आश्रम बघायला जातो, त्या जागेमागे प्लेगही आहे.

वल्लभभाई मात्र शहर सोडून गेले नाहीत. गल्लीबोळात फिरून सफाई, औषध फवारणी, उंदीर आणि गटारी यांवर स्वतः लक्ष ठेवायचे. क्लबात पत्ते खेळणारा बॅरिस्टर सकाळी पोळीतल्या तुंबलेल्या मोरीसमोर उभा आहे, हे दृश्य लोकांना नवीन होतं. काम करवून घेणारा माणूस जागेवर उभा असला की काम होतं, ही साधी गोष्ट त्यांनी इथे पक्की केली. पुढे आयुष्यभर त्यांची हीच पद्धत राहिली.

सरकारने नगरपालिकाच बरखास्त केली

१९१८ च्या खेडा सत्याग्रहात वल्लभभाई पूर्णपणे गांधींच्या बाजूला आले. सूट गेला, धोतर आलं. १९२० मध्ये असहकार सुरू झाला, तेव्हा त्यांनी नगरपालिकेलाच त्यात ओढलं.

मुद्दा होता प्राथमिक शाळांचा. नगरपालिकेच्या शाळांना सरकार अनुदान द्यायचं आणि त्या बदल्यात तपासणी करायचं. नगरपालिकेने ठरवलं, अनुदान नको आणि तपासणीही नको. सरकार चिडलं. नोटिसा निघाल्या आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये सरकारने नगरपालिका बरखास्त करून कारभार आपल्या हातात घेतला. वल्लभभाई आणि सहकाऱ्यांवर पैशांच्या वसुलीचा दावाही लावला. तो न्यायालयात टिकला नाही.

या सगळ्या काळात त्यांच्या बरोबर असलेलं एक नाव मराठी वाचकांसाठी महत्त्वाचं आहे, गणेश वासुदेव मावळंकर. मूळ रत्नागिरीकडचं घराणं, जन्म बडोद्याचा आणि वकिली अहमदाबादची. १९१९ मध्ये ते नगरपालिकेत आले, पुढे तिचे अध्यक्ष झाले आणि स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्षही तेच. संसदेचं सभागृह सांभाळणाऱ्या माणसाचीही तालीम अहमदाबादच्या नगरपालिकेत झाली होती.

१९२४ : नेते शहरं चालवायला लागले

दोन वर्षांनी निवडणूक झाली आणि १९२४ मध्ये वल्लभभाई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पगार नाही, मानधन नाही.

हा काळच गंमतीशीर होता. असहकाराची लाट ओसरली होती आणि काँग्रेसचे मोठे नेते शहरांच्या कारभारात उतरले होते. अलाहाबादला जवाहरलाल नेहरू, पाटण्याला राजेंद्र प्रसाद, कोलकात्याला महापौर चित्तरंजन दास आणि मुख्य कार्यकारी अधिकारी सुभाषचंद्र बोस. सगळी नदीकाठची, गच्च भरलेली शहरं. यातले बरेच जण वर्षा-दोन वर्षांत वैतागून किंवा अटक होऊन बाहेर पडले. वल्लभभाई चार वर्षं टिकले.

त्यांनी सुरुवात पैशांपासून केली. नगरपालिकेची तिजोरी रिकामी असेल तर योजना कागदावरच राहणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे थकबाकी वसुलीवर जोर आला. थकवणारा गरीबच असतो असं नाही, किंबहुना मोठी नावंच मोठ्या रकमा थकवतात. वसुलीत ओळखपाळख बघायची नाही, असं धोरण ठरलं. मग पाणीपुरवठा वाढवणं, गटारी पुढच्या भागात नेणं आणि रस्ते रुंद करणं ही कामं निघाली.

एक लक्षात घ्या. पाणी आणि गटार यांचं काम जमिनीखाली होतं. त्याचा फोटो निघत नाही, फीत कापता येत नाही. उलट रस्ता खोदला म्हणून शिव्या पडतात आणि वरून कर वाढतो. रणछोडलालांनी जे भोगलं, तेच वल्लभभाईंच्याही वाट्याला आलं.

शहराने नदी ओलांडली ती कशी?

तटबंदीच्या आत आता जागा उरली नव्हती. नदीवर १८९२ मध्ये बांधलेला एलिस ब्रिज होता, पलीकडे शेतं होती. शहर तिकडे जाणार हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता की आधी घरं होणार आणि मग रस्ते शोधायचे, की आधी रस्ते आखायचे आणि मग घरं?

इथे कामाला आला मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळे पुण्या-मुंबईला जो कायदा तोच त्यांना. आणि त्यातली युक्ती अगदी समजण्यासारखी आहे.

समजा, एका भागात पन्नास शेतकऱ्यांची वेड्यावाकड्या आकाराची शेतं आहेत. सरकारने रस्त्यासाठी जमीन ताब्यात घेतली तर ज्याच्या शेतातून रस्ता गेला तो बुडाला आणि शेजारच्याची चांदी झाली. नगररचना योजनेत सगळ्यांची जमीन कागदावर एकत्र करतात. त्यातून रस्ते, बागा, शाळा यांची जागा बाजूला काढतात. उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे भूखंड पाडून ते मूळ मालकांना परत देतात. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण प्रत्येकाला रस्ता मिळतो आणि भाव वाढतो. वाढलेल्या भावातला काही हिस्सा नगरपालिका सुधारणेच्या खर्चासाठी घेते.

म्हणजे विकासाचा भार एकावर पडत नाही आणि फायदाही एकट्याला मिळत नाही.

एलिस ब्रिजच्या पलीकडच्या भागासाठी अशी योजना वल्लभभाईंच्या काळात पुढे सरकली. जमीनमालकांनी कुरकुर केली. पण काम चालू राहिलं आणि पश्चिम काठावर रुंद रस्ते, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वसाहती उभ्या राहिल्या. वाडीलाल साराभाई रुग्णालय आणि माणेकलाल जेठाभाई पुस्तकालय पुढे याच बाजूला आले. पूर्वेकडच्या जुन्या शहराचा तटही हळूहळू पाडला गेला आणि तिथे रस्ते झाले.

गुजरातमध्ये नगररचना योजनेची ही पद्धत आजही वापरात आहे. अहमदाबादचा बराचसा विस्तार अशाच योजना एकापुढे एक जोडत झाला.

राणीच्या बागेत टिळकांचा पुतळा

याच काळातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. अहमदाबादमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नावाची सार्वजनिक बाग होती. या बागेत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसवायचा, असं वल्लभभाईंच्या नगरपालिकेने ठरवलं.

ज्या माणसाला राजद्रोहासाठी मंडालेला पाठवलं, त्याचा पुतळा राणीच्या बागेत! सरकारी अधिकाऱ्यांना हे पचलं नाही. पण बाग नगरपालिकेची, जागा नगरपालिकेची. १९२९ मध्ये गांधींच्या हस्ते पुतळ्याचं अनावरण झालं. पुढे बागेलाही टिळकांचंच नाव मिळालं.

जुलै १९२७ : शहर पाण्यात

आणि मग ती रात्र आली.

जुलै १९२७ च्या शेवटच्या आठवड्यात गुजरातवर पाऊस कोसळला. अहमदाबादला अख्ख्या वर्षात जेवढा पाऊस पडतो, त्याहून जास्त काही दिवसांत पडला. हजारो घरं कोसळली. खेडा जिल्ह्यात गावंच्या गावं पाण्याने वेढली गेली.

शहरात पाणी साचत चाललं होतं. वल्लभभाई मध्यरात्री भर पावसात घराबाहेर पडले. त्यांनी सहकाऱ्याला उठवलं, नगरपालिकेच्या इंजिनिअरला उठवलं आणि पाणी कुठे अडलंय ते शोधत हिंडले. जिथे पाण्याची वाट बंद झाली होती तिथे मोऱ्या फोडून पाण्याला वाट करून दिली.

हे जमलं, कारण दहा वर्षं शहराच्या गटारी बघितलेल्या माणसाला उतार कुठे आहे आणि कुठली मोरी बंद आहे हे पाठ होतं. नकाशा मागवायची गरज नव्हती.

पाऊस थांबल्यावर त्यांनी गुजरातभर मदतकार्याची फळी उभी केली. स्वयंसेवक गावोगाव गेले. धान्य, बियाणं, घरबांधणीचं सामान पोहोचवलं. ज्या सरकारशी भांडण होतं त्याच मुंबई सरकारकडून त्यांनी मदतीसाठी सुमारे १ कोटी रुपये मंजूर करून घेतले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. पुढच्याच वर्षी बार्डोलीचा सत्याग्रह झाला आणि वल्लभभाईंचे सरदार झाले. तिथली चोख व्यवस्था बघून लोक चकित झाले होते. पण ती व्यवस्था एका दिवसात शिकलेली नव्हती.

राहून गेलं ते काय?

वल्लभभाईंचं कौतुक करताना दुसरी बाजू झाकून ठेवायचं कारण नाही.

नदीच्या पश्चिमेला नियोजनबद्ध वसाहती झाल्या, पण त्यात राहायला गेले ते प्रामुख्याने वकील, डॉक्टर, व्यापारी आणि नोकरदार. पूर्वेला गिरण्यांच्या भोवती कामगारांच्या चाळी होत्या. एका खोलीत अख्खं कुटुंब, अनेक घरांमध्ये मिळून एक नळ आणि उघड्या मोऱ्या. गिरण्यांमध्ये घाम गाळणाऱ्या या माणसांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत नव्हतं. ज्यांचं मत नाही, त्यांच्या गल्लीत गटार सगळ्यात शेवटी पोहोचते.

१९४१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ९० हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळपास दुप्पट. एवढा वेग कुठल्याही नगरपालिकेला झेपणारा नव्हता. पूर्व आणि पश्चिम अहमदाबादमधली दरी तेव्हापासून पडली आणि ती आजही जाणवते.

वल्लभभाईंनी १९२८ मध्ये अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर तुरुंग, स्वातंत्र्य, फाळणी, संस्थानं आणि गृहखातं असा त्यांचा प्रवास आपल्याला माहीत आहे. १ जुलै १९५० ला अहमदाबाद महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला मुंबईत वल्लभभाईंचं निधन झालं. अंत्यसंस्कार सोनापूरच्या स्मशानात झाले.

आजची साबरमती

आज अहमदाबादला गेलात तर विमानतळाला त्यांचं नाव आहे. साबरमतीवरच्या एका पुलाला त्यांचं नाव आहे. नदीत वर्षभर जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्यातून येतं आणि त्या कालव्याला पाणी देणारं धरण म्हणजे सरदार सरोवर.

२००५ मध्ये साबरमती रिव्हरफ्रंटचं बांधकाम सुरू झालं. पात्राची रुंदी एकसारखी २६३ मीटर केली, दोन्ही काठांना भिंती घातल्या, फिरायला रस्ते आणि बागा झाल्या. संध्याकाळी तिथे गर्दी असते, फोटो छान येतात. पण काठावरच्या हजारो झोपडपट्टीवासीयांना तिथून हलवावं लागलं. आणि काठ सजवला तरी शहराच्या खालच्या बाजूला नदीत जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न संपलेला नाही. गुजरात उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं आहे.

म्हणजे प्रश्न तेच आहेत. पाणी कुठून आणायचं, मैला कुठे न्यायचा, खर्च कोणी करायचा आणि फायदा कोणाच्या गल्लीपर्यंत पोहोचवायचा. आपल्याकडे मुठा, गोदावरी, नाग, पंचगंगा, कुठल्याही नदीच्या काठावर उभं राहिलं तरी हेच प्रश्न समोर येतात.

पुतळे, पूल आणि सुशोभीकरण ही शहराची दिसणारी बाजू आहे. वल्लभभाईंनी सगळ्यात जास्त वेळ दिला तो न दिसणाऱ्या बाजूला. पुढच्या वेळी तुमच्या प्रभागात महापालिकेची निवडणूक लागेल आणि नगरसेवक म्हणजे छोटं पद असं कोणी म्हणेल, तेव्हा एवढं आठवा. देशाच्या पहिल्या गृहमंत्र्याने आपल्या कामाची सुरुवात याच पदापासून केली होती आणि त्यांना मिळालेलं पहिलं मोठं काम होतं शहराच्या स्वच्छतेचं.